जाऊ तिथे किलोमीटर

काय दिवस आलेत, बघा! पूर्वी परदेशातून कुणी आलं की आपण विचारायचो, थंडी मानवली का, जेवणाचे हाल झाले का, कस्टमवाल्यांनी लोणच्याची बरणी उघडायला लावली का. साधे, घरंदाज प्रश्न. आता माणूस बॅगा ओढत लिफ्टपाशी पोचत नाही तोच समोरून विचारणा होते, “किती किलोमीटर झाले?” आणि तोही, पाय सुजलेत, डोळे चुरचुरताहेत, तरी ताठ उभा राहून सांगतो, “तसे साडेबारा हजार. पण प्रत्यक्षात साडेतेरा पडले.” पडले म्हणे!

परवा एका साखरपुड्यात तर हद्द झाली. मुलाच्या मामांनी मुलीकडच्यांना ओळख करून दिली, “हा आमचा भाचा. न्यूयॉर्कला असतो. साडेबारा हजार.” मुलीकडचे एकदम खूश. महिन्याला, डॉलरमध्ये, तेही या वयात! आत्याबाईंनी तर शेजारणीच्या कानात रुपयांत हिशेबसुद्धा करून टाकला. बासुंदीची दुसरी वाटी आली तेव्हा उलगडा झाला, की हा आकडा पगाराचा नसून विमानतळापासून विमानतळापर्यंतचा आहे. आत्याबाईंची बासुंदी वाटीतच राहिली.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हे खूळ कधी शिरलं ते नेमकं सांगता येणार नाही, पण कुणामुळे शिरलं ते वॉचमनलाही ठाऊक आहे. चेअरमनसाहेब! बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांचा नाद जुनाच. पूर्वी गच्चीवर जाऊन टाकीतलं पाणी मोजायचे, ते निदान चार घरांच्या उपयोगी तरी पडायचं. मग त्यांना कुणीतरी फोनवर ते अंतर मोजायचं यंत्र दाखवलं. दोन विमानतळ लिहायचे, बटण दाबायचं, की अंतर हजर. किलोमीटरमध्ये घ्या, मैलांत घ्या, सागरी मैलांत घ्या. वर उड्डाणाला अंदाजे किती वेळ लागेल तेही फुकट. फुकट म्हटल्यावर आमची सोसायटी मागे राहणार होय? आठवड्याभरात चारही विंगांना लागण झाली.

आता तर गावांची नावंही कुणी घेत नाही. सगळा कारभार तीन-तीन अक्षरांत. मुंबई म्हणजे बीओएम, पुणे म्हणजे पीएनक्यू. सी विंगमधल्या काकूंना गॅस बुकिंगचा नंबर अजून पाठ नाही, पण “बीओएम–एलएचआर सात हजार दोनशे” हे डाळीला फोडणी देता देता सांगतात. त्यांची बहीण पुण्यात. तिला फोनवर विचारतात, “काय गं, पीएनक्यूला पाऊस आहे का?” ती बिचारी घाबरून नवऱ्याला विचारते, ताईला बरं नाही का.

आकडा म्हटला की त्यावरून भांडण आलंच. एकदा बी विंगमधल्या काकांनी मुंबई–न्यूयॉर्क ६,७७० असं जाहीर केलं. “एवढंच?” असं म्हणून ए विंग अख्खी हसली. काकांचा मुलगा अमेरिकेत की अदिसअबाबाला, इथपर्यंत मजल गेली. काका दोन दिवस खाली उतरले नाहीत. मग कळलं, त्यांनी सागरी मैल वाचले होते. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. वैमानिक आणि खलाशी त्यातच मोजतात. गुणाकार केला की बरोबर साडेबारा हजार किलोमीटर. पण अब्रूचं काय? ती गेली ती गेलीच.

डी विंगमधल्या जोडप्याचं प्रकरण तर अजून ताजं आहे. गोव्याला निघाले होते. यजमानांनी यंत्रात घातलं आणि हर्षाने ओरडले, “दाबोळी सव्वाचारशे, मोपा तीनशे पंच्याऐंशी! चाळीस किलोमीटर वाचले!” मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३पासून सुरू झालाय, पेडण्याला, आपल्या सावंतवाडीच्या कुशीत. तो मुंबईला जवळ असणारच. तिकिटं काढली मोपाची, आणि हॉटेल होतं कोलव्याला! म्हणजे दक्षिण गोव्यात, दाबोळीच्या अलीकडे-पलीकडे. आकाशात वाचलेले चाळीस किलोमीटर टॅक्सीवाल्याने जमिनीवर व्याजासकट वसूल केले. बाईंनी तिथल्या समुद्रात पाऊल टाकलं ते नवऱ्याकडे पाठ करून, असं त्यांच्याच जाऊबाई सांगतात.

तर आता लोकरीच्या प्रकरणाकडे येऊ. हे मात्र समक्ष पाहिलेलं.

सोसायटीच्या ऑफिसात जगाचा एक मोठा नकाशा आहे. चेअरमनसाहेब फूटपट्टी घेऊन मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ मारत होते. रेघ अरबस्तानावरून, इजिप्तवरून, आफ्रिकेच्या उत्तर टोकावरून अटलांटिकात उतरली. “हा जवळचा रस्ता,” ते म्हणाले, आणि चार माणसांनी माना डोलावल्या. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या. लेक न्यू जर्सीला असते. आजींच्या एका काखेत नातवाचा पृथ्वीचा गोल आणि हातात अर्धवट विणलेल्या मफलरीच्या गुंड्याची जांभळी लोकर. त्यांनी लोकरीचं टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि हळूच ताणलं. लोकर गोलावरून घसरत घसरत वर सरकली. अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पुढे रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, मग चक्क आइसलँडवर, आणि तिथून खाली अमेरिकेत. ताणली गेल्यावर ती थरथरून जिथे थांबली, तिथे आजींनी नखाने खूण केली. “चेअरमन, तुमच्या रेघेची लोकर आणून दाखवा. याच्यापेक्षा लांबच भरेल.” त्यांनी घालून पाहिली. भरली! ऑफिसात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

आजींचं काही चुकत नव्हतं. भिंतीवरचा नकाशा मर्केटर नावाच्या गृहस्थाने १५६९ साली खलाशांच्या सोयीसाठी केलेल्या पद्धतीचा. त्यात दिशा बरोबर राहतात, पण उत्तर-दक्षिण टोकांकडचे प्रदेश भलतेच फुगतात. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरी आफ्रिका त्याच्या चौदापट. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने कापलेल्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा. सगळी अंतरयंत्रं तोच मोजतात. फक्त काही यंत्रं पृथ्वी निर्दोष गोल धरतात, आणि काही ती विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे हे लक्षात घेतात. तिथली त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांकडची ६,३५७. या एकवीस किलोमीटरांपायी दोन यंत्रांची उत्तरं जुळत नाहीत, आणि ए विंग आणि सी विंगमध्ये गेला महिनाभर बोलणं नाही. पृथ्वीच्या पोटावरून भांडणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत का? या आमच्याकडे.

बरं, अंतर कळलं की स्पर्धा आली. कुणाचा मुलगा लांब? कॅलिफोर्नियावाल्यांनी साडेतेरा हजार टाकले, की न्यूयॉर्कवाल्यांची तोंडं उतरतात. युरोपवाले तर हल्ली मीटिंगला मागच्या खुर्च्यांवर बसतात. दुबईवाल्यांना, एकोणीसशे किलोमीटर फक्त, कुणी चहासुद्धा विचारत नाही. त्यांचा मुलगा वर्षातून तीनदा घरी येतो आणि बाकीच्यांचे तीन वर्षांतून एकदा, ही गोष्ट कुणी काढायची नाही. एकाने सिंगापूर–न्यूयॉर्कचा विषय काढला: १५,३४९ किलोमीटर, साडेअठरा तासांच्या वर, एका दमात. सगळे गप्प. त्यावर कॉलेजातल्या एका आगाऊ मुलाने उलटं टोक काढलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं रोजचं विमान आहे. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. विक्रम ५३ सेकंदांचा. “म्हणजे आपल्या स्टेशनपासून घरापर्यंत,” सी विंगच्या काकू उद्गारल्या, “आणि रिक्षावाला त्याच्यापेक्षा जास्त वेळ नुसता ‘नाही’ म्हणायला घेतो.”

ए विंगमधले नव्वदीचे आजोबा या सगळ्यांना हसतात. त्यांच्या मते आजकालचं विमान म्हणजे नुसती बस. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणलं तेव्हा त्यात टपालाच्या थैल्या होत्या, आणि ८ जून १९४८ला एअर इंडियाचं पहिलं विमान लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. “तेव्हा कुणी किलोमीटर विचारले नाहीत,” आजोबा म्हणतात. “पोचलात का एवढंच विचारायचे.” त्यांना नागपूरचंही फार कौतुक. १९४९पासून रात्रीची टपालाची विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून निघून मध्यरात्री नागपूरला एकत्र जमायची, थैल्या बदलायची आणि परत फिरायची. देशाच्या मध्यावर असल्याचा असा सरळ, कामाचा फायदा. आता मात्र नागपूरचा उल्लेख सोसायटीच्या फोनवरच्या गटात होतो तो “अरे, फक्त सहाशे ऐंशी?” अशा सुरात.

पण खरी खळबळ अंतराने होत नाही, वेळेने होते. अंतर बिचारं एका जागी बसलेलं असतं. वेळ रोज नवे रंग दाखवतो. चेअरमनसाहेबांनी सूत्र काढलंय: अंतराला साडेआठशेने भागा, वर अर्धा तास टाका. त्या हिशेबाने लंडन नऊ तास. जाताना त्यांच्या साडूंना दहा तासांच्या वर लागले, आणि येताना पुष्कळ कमी! त्याच गावाहून त्याच गावाला. साडूंना खोटं पाडण्यापर्यंत गोष्ट गेली. आता वाऱ्याला कोण काय करणार? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक लोंढा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. पूर्वेला जाणाऱ्याला तो ढकलतो, पश्चिमेला जाणाऱ्याला अडवतो. हा वारा आधी मोजला वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने, १९२०च्या दशकात, फुगे सोडून. आणि निष्कर्ष छापला कुठल्या भाषेत? एस्पेरांतोमध्ये! साऱ्या जगाला कळावं म्हणून निवडलेली भाषा, आणि साऱ्या जगात वाचलं कुणी नाही. आमच्या सोसायटीच्या नोटिशींचंही तसंच होतं, पण तो विषय वेगळा.

याच वाऱ्याने फेब्रुवारी २०२०मध्ये ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत नेऊन टाकलं. जमिनीवरून मोजला तर वेग ताशी तेराशे किलोमीटरांच्या पुढे. “म्हणजे आवाजापेक्षा जास्त! धडाम झालं का?” झालं नाही, कारण विमान ज्या हवेत उडत होतं ती हवाच मुळी धावत होती. आणि एअर इंडियाची गंमत ऐकलीत का? दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर चौदाशे किलोमीटरांनी वाढून १५,३००च्या घरात गेलं, आणि वेळ सुमारे दोन तासांनी घटला! लांबच्या रस्त्याने गेलं तर लवकर पोचतं, हे ऐकून बी विंगच्या काकांना इतका धक्का बसला, की त्यांनी मंडईला जायचा रस्ताच बदलला. अजून वेळ वाचलेला नाही, पण प्रयोग चालू आहे.

सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांचा माज तेवढ्यावर थांबत नाही. जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी, कॉकपिटमध्ये सगळ्या बायका, सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून विमान घेऊन थेट बंगळुरूला उतरल्या. सतरा तासांच्या आसपास, आणि थेट अंतर १३,९९३ किलोमीटर. हा आकडा ऐकून चेअरमनसाहेबांना रात्रभर झोप नाही. कर्तृत्वाने भारावून नव्हे. “अहो, चौदा हजाराला सातच कमी! धावपट्टीवर जरा जास्त फिरवायचं होतं.” अशी ही माणसं.

आणि मग आला एप्रिल २०२५. पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं. तसं ते २०१९मध्येही चार-साडेचार महिने बंद होतं, पण तेव्हा आमच्याकडे ही साथ नव्हती. आता गटात हाहाकार माजला. आजी खाली आल्या त्या गोल, लोकर आणि शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या घेऊनच. मस्कतच्या बाजूला एक टाचणी रोवली, लोकर मुंबईहून आधी तिच्याभोवती वळवली आणि मग वर नेली. टोक न्यूयॉर्कला पोचेना. चांगली बोटभर लोकर कमी पडली. आजी त्या बोटभर जागेकडे बघून एवढंच म्हणाल्या, “एवढ्याच्यापायी लेकीला दीड तास जास्त बसावं लागणार.” दिल्लीवाल्यांचे हाल तर विचारूच नका. दिल्ली–ताश्कंद सरळ मोजलं तर सोळाशे किलोमीटरसुद्धा नाही. पण वळसा घेऊन जायचं तर इंडिगोच्या विमानांच्या पल्ल्यात बसेना, म्हणून अल्माटीबरोबर तेही त्या महिन्याच्या अखेरीस थांबवावं लागलं. गाव हललेलं नाही, अंतर बदललेलं नाही, आणि तरी जाता येईना.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. २०२२मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर फिनलंडच्या विमानाला हेलसिंकीहून टोकियोला जायला साडेनऊऐवजी तेरा तास लागू लागले. उत्तर ध्रुवावरून वळसा! प्रवाशांनी कुरकुर करू नये म्हणून कंपनीने त्यांच्या हाती ध्रुव ओलांडल्याचं प्रशस्तिपत्र ठेवलं. शाबास! आमच्याकडे पाणी दोन दिवस आलं नाही की नगरपालिकेने ‘कोरडेपणा सहन केल्याबद्दल’ असं काही द्यायला हरकत नाही, ही सूचना सी विंगमधून आली आहे. डोंबिवलीला महापालिका आहे, नगरपालिका नव्हे, अशी दुरुस्ती लगेच चेअरमनसाहेबांकडून.

मग रात्रीचा धंदा सुरू झाला, तो म्हणजे पाठलाग. ही तर उघडउघड हेरगिरी आहे हो! फ्लाइटरडार नावाचं ते ॲप २००६ साली स्वीडनमधल्या दोघा हौशी माणसांनी सुरू केलं. विमानं आपली जागा, उंची, वेग सतत हवेत सांगत असतात. जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या छपरांवर अँटेना लावून ते ऐकायचं, की नकाशावर पिवळी विमानं सरकायला लागली. २०१०मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश रिकामं केलं, तेव्हा जगाला याची चटक लागली. ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी पेलोसी तैवानला निघाल्या, तेव्हा विमान टेकताना सात लाखांहून जास्त माणसं ते बघत बसली होती. तेही क्वालालंपूरहून सरळ गेलं नाही. दक्षिण चिनी समुद्र टाळून फिलिपिन्सच्या पलीकडून वळसा घालत सात तासांनी पोचलं. सात लाख! आणि आम्ही आपल्या सोसायटीला उगाच नावं ठेवतो.

आता आमच्याकडचे हाल ऐका. कुणाचाही मुलगा निघाला की गटावर रात्री अडीचला संदेश, “अंकारा ओलांडलं.” लगेच सहा अंगठे. पावणेतीनला, “उंची कमी का झाली?” तीनला दोन आया जाग्या. साडेतीनला विमान समुद्रावर जातं, तिथे कुणाचं छप्पर नाही, अँटेना नाही, आणि पिवळं विमान गायब होतं. बस! बी विंगमध्ये दिवे लागतात, देवापुढे निरांजन लागतं, कुणीतरी कंपनीला फोन लावतं. तो मुलगा तिकडे कोंबडीचा रस्सा खाऊन घोरत असतो. उतरल्यावर आईला फोन करतो, “पोचलो.” आई म्हणते, “माहितीये. सहा मिनिटं उशीर झाला.” कौतुक नाही, काळजी नाही, हजेरी घेतल्यासारखं.

बरं, हे नुसतं रिकामटेकड्यांचं वेड म्हणावं, तर यात पैसाही आहे, आणि आता त्याचीच कुजबूज जास्त. युरोपात २००४चा नियम आहे. कंपनीच्या चुकीने विमान फार रखडलं किंवा रद्द झालं, तर भरपाई अंतरावरून ठरते, तीही आजींच्या लोकरीच्या रस्त्याने मोजलेल्या: दीड हजार किलोमीटरपर्यंत २५० युरो, साडेतीन हजारपर्यंत ४००, त्यापुढे ६००. आमच्या गटातल्या एकाचा जर्मनीतला पुतण्या विमान उशिरा सुटणार म्हटल्यावर नाराज व्हायचं सोडून घड्याळाकडे बघून हात चोळतो म्हणे. आपल्याकडे मात्र हिशेब अंतराचा नाही, वेळेचा. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं, तर तासाभराच्या प्रवासाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये; तेही मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून कमी होत असेल तर तेवढेच. म्हणजे तिकडे किलोमीटरला भाव आणि इकडे मिनिटाला! हे कळल्यापासून चेअरमनसाहेबांनी एक तास एकोणसाठ मिनिटांच्या सगळ्या उड्डाणांकडे संशयाने बघायला सुरुवात केली आहे.

आणि संशय अगदीच बिनबुडाचा नाही. वेळापत्रकातला वेळ म्हणजे हवेतला वेळ नव्हेच. चाकाला लावलेली अडण काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा तो सगळा वेळ. त्यात धावपट्टीकडे रांगणं आलं, रांग आली, आणि वर कंपन्यांनी हळूच घातलेली दहा-पंधरा मिनिटंही आली. दिल्ली–मुंबई कागदावर सव्वादोन तास, हवेत पावणेदोनच्या आसपास. मग “वेळेआधी पोचलो” म्हणून टाळ्या! आणि ती मिनिटं घालावी लागतात तीही आपल्या मुंबईमुळेच. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून एका वेळी एकच वापरायची. विमानं डोक्यावर घिरट्या घालायला लागली, तेव्हा फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारने गर्दीच्या तासांतली संख्या ४६वरून ४४वर आणायला सांगितली. साडेबारा हजार किलोमीटर बिनबोभाट येऊन विमान शेवटी कुठे अडकतं? पालघरच्या वर.

अंतर आकाशात, पण खोळंबा आपल्या दारात. हे आमच्या गटाला पटायला नवी मुंबईचा विमानतळ यावा लागला. २५ डिसेंबर २०२५ला तिथून विमानं उडायला लागली आणि दुसऱ्याच दिवशी चेअरमनसाहेबांनी आकडे टाकले. डोंबिवलीहून जुना विमानतळ सरळ रेषेत सत्तावीस किलोमीटर, नवा पंचवीस. दोनाचा फरक! लगेच दोन तट पडले. एक तट एनएमआयचा, एक बीओएमचा. ठराव मांडायचं ठरलं. तेवढ्यात कुणीतरी निरागसपणे विचारलं, “पण शिळफाट्याला किती वेळ लागेल?”

गट बारा तास शांत! ध्रुवावरचे वारे तोंडपाठ असलेली माणसं, आइसलँडवरचं विमान डोळ्यांत तेल घालून बघणारी माणसं, आणि कल्याण-शीळ रस्त्याचा आकडा सांगायची एकाची छाती होईना. शेवटी आजींनी लिहिलं, “माझं विमान पहाटेचं आहे. मी आदल्या दिवशी दुपारी निघते.” ठराव बारगळला. आजी निघाल्या, त्यांच्या विमानाच्या मागे अख्खी सोसायटी रात्रभर जागली, आणि पोचल्यावर “कसा झाला प्रवास?” या प्रश्नाला आजींचं उत्तर आलं, “काय की. झोप छान लागली.” एवढ्या जाग्रणावर पाणी!

आता शेवटचं सांगते, पण हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. चेअरमनवहिनींनी परवा भाजी निवडताना मला हळूच सांगितलं. या सगळ्या किलोमीटरच्या महामेरूने जन्मात एकदाच विमानात पाय ठेवलाय. मुंबई–नागपूर, मेहुण्याच्या वास्तुशांतीला. खिडकीची जागा मिळाली होती, ती रडून-भेकून बदलून घेतली. बेल्ट आवळला, डोळे घट्ट मिटले आणि रामरक्षा सुरू केली, ती चाकं टेकेपर्यंत. वहिनींना दुसरा उद्योग नव्हता, म्हणून त्यांनी मोजल्या. जाताना दहा झाल्या आणि येताना साडेअकरा.

“बरोबरच आहे,” वहिनी म्हणाल्या, “पश्चिमेकडे येताना वारा तोंडावर असतो ना!”